पावणेआठशे वर्षे तोडूनही उभे असलेले रान



विलायतेहून आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. राजवाडा पाहिला का, बाबासाहेब राहत होते ते लंडनचे घर पाहिले का, आणि थंडी किती होती. या तिन्हींची उत्तरे घरोघरी देऊन झाली आहेत. आज लिहिणार आहे ते कोणीच न विचारलेल्या गोष्टीबद्दल.

लंडनच्या ईशान्येला सफोक नावाचा परगणा आहे. तिथे बरी सेंट एडमंड्स या गावापासून काही मैलांवर ब्रॅडफिल्ड वुड्स नावाचे एक रान आहे. केवढे? सुमारे दोनशे एकर. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसाला त्याला जंगल म्हणताना हसू येईल. वाघ नाही, अस्वल नाही, डोंगर नाही, दरी नाही. सगळी सपाट, चिखलाची जमीन. परंतु या रानाच्या तोडणीचा हिशेब इ. स. १२५२ पासून सापडतो. तेव्हा आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते. म्हणजे पावणेआठशे वर्षे माणसे हे रान तोडत आली आहेत आणि रान आहे तिथेच आहे. ऐकायला हे उलटे वाटते. म्हणूनच सविस्तर सांगते.

माझी भाची तिकडे एका इस्पितळात नर्स आहे. तिला सुट्टी मिळाली ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. तिचा सात वर्षांचा मुलगा, ती आणि मी असे तिघे गेलो. रानात शिरायला तिकीट नाही. दारात नकाशाचा फलक आहे, वाटांवर खुणांचे खांब आहेत. आपण आपले चालायचे. "मावशी, गमबूट घाल," असे भाचीने सकाळीच बजावले होते आणि ते बरोबर होते. तिथली माती ओली असली म्हणजे पाय धरून ठेवते.

झाडे सगळी पानगळीची. ओक, ॲश, हेझेल, बर्च. पानगळ म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पण आपल्या सागाची पाने गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी वाचवण्यासाठी. जमिनीत ओल नाही तर पाने पोसायची कशी, हा आपल्या झाडांचा प्रश्न. तिकडे पाणी भरपूर. तिकडची अडचण थंडीची आणि उजेडाची. हिवाळ्यात दुपारी चारला दिवस मावळतो. एवढ्याशा उन्हात पानांचा खर्च परवडत नाही, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडे पाने टाकून मोकळी होतात आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा पालवतात. मधल्या काळात खालच्या लहान फुलझाडांची घाई असते. वरची सावली दाट होण्याआधी त्यांना पान, फूल आणि बी एवढे सगळे उरकायचे असते. आम्ही गेलो तेव्हा खाली पांढरी ॲनिमोन होती आणि ऑक्सलिप नावाची फिकट पिवळी, मान खाली घातलेली फुले होती. ही ऑक्सलिप सबंध ब्रिटनमध्ये जवळजवळ याच पूर्वेकडच्या भागात होते. निळी ब्लूबेल तिकडे फार प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी लोक गाड्या काढून रानोरान फिरतात. फुले उपटून नेणे कायद्याने गुन्हा आहे. पण खरे नुकसान पायाखाली होते. ब्लूबेलची पाने एकदा तुडवली गेली की त्या वर्षी गड्ड्याला अन्न मिळत नाही. म्हणून फोटो काढायचा तो वाटेवर उभे राहून. नातवाला हे एकदाच सांगावे लागले. फलकापुढे उभे राहून फुलांत बसलेल्या एका मोठ्या बाईला मात्र कोण सांगणार?

आता तोडणीचे. आपल्याकडे ऊस तोडला की बुडखा जमिनीत राहतो आणि त्याला पुन्हा फुटवे येतात. त्याला आपण खोडवा म्हणतो. हेच झाडाचे करायचे. हेझेल किंवा ॲश हिवाळ्यात जमिनीलगत तोडायचे. मूळ जिवंत असते. वसंतात त्याच बुडख्यातून दहा-पंधरा सरळ धुमारे वर येतात, आणि मूळ जुने असल्यामुळे बीपासून उगवलेल्या रोपापेक्षा कितीतरी जोरात वाढतात. पुढे काही वर्षांनी ते पुन्हा तोडायचे. याला इंग्रजीत कॉपिस म्हणतात. सगळे रान एकदम तोडत नाहीत. रानाचे तुकडे पाडलेले असतात, दर हिवाळ्याला ठरलेले तुकडे तोडायचे आणि फेरा पुरा होईपर्यंत पहिला तुकडा परत उभा राहिलेला असतो. मधूनमधून थोडे ओक मोठे होऊ देतात, घराच्या तुळयांसाठी.

ब्रॅडफिल्डमध्ये ॲशचा एक असा बुडखा आहे की तो साडेपाच मीटरहून रुंद आहे. मधला भाग केव्हाच कुजून गेला, कडेने झाड वाढत राहिले. त्याचे वय हजार वर्षांच्या आसपास असावे असा जाणकारांचा अंदाज आहे. न तोडलेला ॲश दोन-तीनशे वर्षांत म्हातारा होऊन पडतो. तोडलेला हजार वर्षे जगला. मी त्याला हात लावला तेव्हा नातू म्हणाला, "आजी, हा एकच झाड आहे?" मी म्हटले, "एकच. पण घर मोठे आहे त्याचे."

या लाकडाचे करत काय? ऐकून आपल्या खेड्यातल्या आजीलाही ओळखीचे वाटेल. हेझेलच्या काठ्या विणून भिंतीचा सांगाडा करायचा आणि वर माती-शेण-गवताचा गिलावा द्यायचा. आपला कूड! ज्या इंग्रजांच्या दगडी इमारती पाहून आपण दबतो, त्यांच्या खेड्यातली माणसे शतकानुशतके कुडाच्या घरात आणि गवती छपराखाली राहत होती. छपराचे गवत दाबून बसवायला हेझेलच्याच खुंट्या, मेंढरे कोंडायला हेझेलच्याच ताट्या, चुलीला सरपण तेच. जवळच्या वेल्नेथम गावात दंताळ्यांचा कारखाना होता, त्यालाही याच रानाचे लाकूड जाई. दंताळे, विळ्याचा लांब दांडा, फावड्याचा दांडा असली कामे. रान टिकले ते या गिऱ्हाइकीमुळे.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे रान गरिबांचे कधीच नव्हते. ते बरी सेंट एडमंड्सच्या मोठ्या ख्रिस्ती मठाच्या मालकीचे होते. १५३९ मध्ये आठव्या हेन्री राजाने तो मठ बंद केला, मग मालकी सरदार-जमीनदारांकडे गेली. कोयता चालवणारा तेव्हाही मजूर आणि नंतरही मजूर. रानाभोवती आजही मातीचा बांध आणि चर दिसतो. गुरे आत शिरून कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून तो खोदला होता. तो खोदणाऱ्यांची नावे कुठल्याही वहीत नाहीत.

केंब्रिजला ऑलिव्हर रॅकहॅम नावाचे वनस्पतीचे अभ्यासक होते. २०१५ मध्ये ते वारले. अशा रानांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. त्यांत ब्रॅडफिल्डही होते. मठांचे जुने हिशेब, नकाशे आणि प्रत्यक्ष बुडखे ताडून त्यांनी जे दाखवून दिले ते आपण नीट ऐकण्यासारखे आहे. लाकूड तोडल्यामुळे रान संपत नाही. रान संपते ते मुळासकट उपटून तिथे शेत केल्यामुळे, नाहीतर तिथे दुसऱ्याच झाडांची लागवड केल्यामुळे. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या साधारण पन्नास वर्षांत जुन्या रानांपैकी जवळजवळ निम्मी अशीच गेली. काही नांगराखाली गेली, काहींत सूचिपर्णी झाडे लावून मूळचे रान मारले गेले. हे काम मोळीविक्याने केले नाही. यंत्रांनी केले, आणि त्याला सरकारी उत्तेजन होते. १९६० नंतर ब्रॅडफिल्डच्याही बऱ्याच भागाची शेते झाली. मग आसपासचे लोक जागे झाले. १९७० च्या सुमारास उरलेले रान निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने विकत घेतले आणि कोयता थांबू दिला नाही. रान वाचवायचे म्हणून तोडणी चालू ठेवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तोडणीचा हंगाम हिवाळ्यातच संपलेला होता. पण एका तुकड्यात दोन-तीन म्हातारे स्वयंसेवक उरलेल्या काटक्यांच्या मोळ्या बांधत होते. हातात आखूड दांड्याचा, टोकाला वळलेला कोयता. त्यातल्या एकाने आम्हाला बोलावून दाखवले. हेझेलची ओली फांदी पायाखाली धरून पिळायची, तिची दोरी होते आणि तिनेच मोळी आवळायची. मला राहवले नाही. मी म्हटले, हे मला येते. माझी माय पळसाच्या मुळीच्या वाखाने बांधायची, गाठ निराळी, पण पीळ तोच. मी बांधून दिली. म्हाताऱ्याने ती उचलून आपटून पाहिली, सुटली नाही. त्याने टोपी काढून मान लववली आणि भाचीला काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "मावशी, तो विचारते, तुम्ही हे कुठं शिकले?"

काय सांगणार? आमच्या गावाच्या शिवेला लागून जंगल होते. माय पहाटे चारला इतर बायांबरोबर जायची आणि उजाडायच्या आत मोळी घेऊन परतायची. वाळलेलीच लाकडे, पण ती आणणे ही चोरी होती. नाकेदार भेटला तर मोळी जायची, कोयता जायचा, आणि कोयता सोडवायला जे द्यावे लागे ते मोळीच्या किमतीहून जास्त असे. बायांना काय काय ऐकून घ्यावे लागे ते या पानावर लिहिण्याजोगे नाही. आणि वर पुन्हा शाळेच्या पुस्तकात आम्ही शिकायचो की सरपणासाठी लोक झाडे तोडतात म्हणून जंगले नष्ट होतात. मी स्वतः पुढे तीस वर्षे शिक्षिका होते. तो धडा मला दरवर्षी शिकवावा लागला.

हा कायदा आला कोठून? हिंदुस्थानात इंग्रज सरकारने १८६५ मध्ये पहिला आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक, जंगल कायदा केला. जंगले राखीव ठरली. गावकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क वहीत नोंदले गेले नसतील तर बुडाले. राखीव जंगलात गुरे चारणे, लाकूड आणणे गुन्हा ठरले. आता गंमत पाहा. त्याच १८७८ साली, त्याच पार्लमेंटच्या राज्यात, लंडनजवळच्या एपिंग जंगलासाठी एक कायदा झाला. ते जंगल जमीनदार कुंपणे घालून गिळत होते. लाउटन गावातल्या लोकांना हिवाळ्यात तिथल्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा जुना हक्क होता. थॉमस विलिंगेल नावाच्या एका मजुराने आणि त्याच्या घरच्यांनी कुंपण न जुमानता तो बजावला. त्या घरच्या तरुणांना १८६६ मध्ये त्यासाठी तुरुंगात जावे लागले. प्रकरण पेटले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी १८७८ च्या कायद्याने एपिंग जंगल कायमचे जनतेसाठी मोकळे राहिले. राणी व्हिक्टोरिया १८८२ मध्ये स्वतः तिथे गेली आणि ते जनतेला अर्पण झाल्याचे जाहीर केले. म्हणजे एकाच वर्षी तिच्या घराजवळचे रान लोकांना मिळाले आणि आपल्याकडची राने लोकांच्या हातून गेली! फांद्या तोडण्याचा हक्क मात्र लाउटनच्या गरिबांचाही गेला. त्याच्या मोबदल्यातून गावाला एक सभागृह बांधून मिळाले, ते आजही उभे आहे. फिरायला रान मिळाले, चुलीला लाकूड नाही. साहेबाने आपल्या गरिबालाही पुरते दिले नाही, एवढे लक्षात ठेवावे.

त्यांच्याकडे हे आधीही घडले होते. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे अडुसष्ट लाख एकर सामायिक जमीन कुंपणाआड घातली. गायरान गेले, सरपण गेले आणि माणसे गिरण्यांत आली. गिरणगावात वाढलेल्या आपल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये.

रानातून बाहेर पडल्यावर आमची पायवाट सरळ एका शेतात शिरली. मोहरीच्या जातीचे पिवळेधमक पीक, कमरेच्या वर आलेले. मी थांबले. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय कसा घालायचा? भाची म्हणाली, "काहून थांबली, मावशी? चाल ना. हा रस्ता सर्वांचा आहे." खांबावर पिवळा बाण होता. तो बाण असला की ती सार्वजनिक पायवाट. जमीन कोणाचीही असो, लॉर्डाची असो की कंपनीची, त्या वाटेवरून चालणाऱ्याला मालक अडवू शकत नाही. त्याने नांगरट केली तरी ठरलेल्या मुदतीत वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. पिकातून हातभर रुंदीची वाट खरोखरच मोकळी ठेवलेली होती. रस्ता आणि पाणवठा या दोन शब्दांचे वजन आपल्या वाचकाला निराळे सांगायची गरज नाही. मी त्या वाटेने फार सावकाश चालले.

हीही मेहेरबानी म्हणून मिळालेली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे गिरण्या-कारखान्यांतले कामगार आणि बेकार पोरे, शेकड्यांनी, किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मनाई मोडून चढली. तो डोंगर जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. रविवारची एक सुट्टी, ती मोकळ्या हवेत घालवायची, एवढीच मागणी. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा तरुण त्यांचा पुढारी. पाच जणांना तुरुंगवास झाला. मोकळ्या डोंगर-माळांवर हिंडण्याचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडले, आणि तोही इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के जमिनीपुरता. बहुतेक राने त्यात नाहीत. ब्रॅडफिल्डमध्ये आपण मोकळे फिरतो ते संस्था फिरू देते म्हणून. शेजारचे रान खासगी असेल तर दारावर पाटी दिसेल आणि पाटीचा अर्थ पाटीसारखाच घ्यावा. आपल्याकडची पोरे आता तिकडे शिकायला, नोकरीला जातात, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते: पिवळा बाण असेल तर बिनधास्त जावे. कोणी "इथे काय करता?" विचारले तर नकाशा दाखवावा आणि पुढे चालू लागावे.

आपल्याकडेही चक्र थोडे फिरले आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्काचा दाखला मिळाला आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. बांबू म्हणजे तरी काय, खोडव्याचेच पीक. या कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींनाही जागा आहे, परंतु त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जंगलकाठच्या आपल्या कित्येक कुटुंबांचे घोडे इथेच अडते. ज्यांच्या आज्यांना जंगलात पाऊल टाकणे गुन्हा होता, त्यांनी तिथे राहिल्याचा कागद आणायचा कुठून? या विषयावर तुमच्यापैकी कोणी दावा केला असेल तर जरूर कळवा, स्वतंत्रपणे लिहू.

पुन्हा ब्रॅडफिल्डकडे. तोडलेल्या तुकड्यांभोवती उंच जाळी होती. ती हरणांसाठी. तिकडे लांडगे उरले नाहीत, त्यामुळे हरणे बेसुमार वाढली आहेत. त्यात मुंटजॅक हे छोटे हरीण तर गेल्या शतकात चीनकडून हौसेने आणून सोडलेले. कोवळा धुमारा दिसला की फस्त. पूर्वी गुरांसाठी चर होता, आता हरणांसाठी जाळी. जाळीच्या आत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा तुकडा फुलांनी भरलेला होता, कारण तोडल्यामुळे जमिनीवर ऊन पोचते. जुन्या हेझेलच्या दाट भागात डॉरमाउस नावाचा सोनेरी, गुबगुबीत उंदरासारखा प्राणी राहतो. हिवाळाभर झोपतो. तो आम्हाला दिसला नाही, रात्रीचा प्राणी. पण म्हाताऱ्याने नातवाला हेझेलचे एक रिकामे कवच दिले. त्याला इतके गुळगुळीत गोल भोक होते की जणू सुताराने गिरमिट लावले असावे. तेच डॉरमाउसच्या दातांचे काम.

मोठी चिंता ॲशची आहे. एका बुरशीने हा रोग येतो. बुरशी पूर्व आशियातली. युरोपात ती पसरली आणि ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये सापडली. शेंड्याकडून झाड वाळत येते. देशातले बहुसंख्य ॲश जातील असे तिकडचे वनतज्ज्ञ सांगतात. थोडी झाडे मात्र रोगाला दाद देत नाहीत, आणि ती कोणती हे आधी कळत नाही, म्हणून सरसकट तोडू नका, असेही सांगतात. आम्ही गेलो तेव्हा हेझेलला पाने आली होती, ओकला तांबूस पालवी फुटत होती, आणि ॲश सगळे उघडे होते. नातू म्हणाला, हे सगळे मेले का? म्हाताऱ्याने सांगितले की ॲश उठतोच सगळ्यांच्या शेवटी. मेलेला कोण आणि झोपलेला कोण हे एप्रिलमध्ये सांगता येत नाही, जूनमध्ये या. जूनमध्ये मी इकडे परतलेली असणार होते. भाचीने रात्रपाळी संपवून एका सकाळी पोराला घेऊन जायचे आणि त्या मोठ्या बुडख्याचा फोटो पाठवायचा, असे ठरले आहे.